शब्दकोशाची पट्टी आणि एक्समोनॅड

माझं काम अनुवादाचं. यंत्रांच्या पुस्तिका, सॉफ्टवेअरमधले मजकूर, तांत्रिक अहवाल. दिवसभर पडद्यावर तीन विंडो लागतात: डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझा अनुवाद आणि खाली आडव्या पट्टीत शब्दकोश. ही मांडणी मला माउसला हात न लावता, रोज, अगदी तश्शी मिळायला हवी होती. साध्या डेस्कटॉपवर मी विंडोंचे कोपरे ओढून ती जमवायचे. मग चौथी विंडो उघडली की शब्दकोश तिच्याखाली जायचा आणि पुन्हा ओढाओढ. दिवसाच्या शेवटी मनगट दुखायचं ते टाइप करून नाही, या ओढाओढीने.

एक्समोनॅड हा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावर विंडो कुठे बसवायच्या ते ठरवणारा प्रोग्रॅम, मी ०.१५ आवृत्तीपासून वापरते आहे, आता ०.१८ वर आहे. इतकी वर्षं वापरून लिहिते आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्याचं अप्रूप यात नाही. पण जिव्हाळा आहे, आणि तो का आहे तेच सांगायचं आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टायलिंग विंडो मॅनेजरमध्ये विंडो एकमेकींवर चढत नाहीत. पडदा वाटून दिला जातो, नवी विंडो आली की वाटणी पुन्हा होते. एक्समोनॅड हा लिनक्स आणि तत्सम प्रणालींवर एक्स११ साठी (पडद्यावर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था, थोडक्यात एक्स) चालणारा असा मॅनेजर. स्पेन्सर जॅन्सन, डॉन स्टुअर्ट आणि जेसन क्रेटन यांनी तो २००७ मध्ये सुरू केला. तो हॅस्केल या फंक्शनल भाषेत लिहिलेला आहे, मुक्त परवान्याखाली मिळतो, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांचा गाभा हजार ओळींच्या आत होता.

पहिल्यांदा लॉगिन केलं की समोर कोरा पडदा. पट्टी नाही, मेनू नाही, घड्याळ नाही. मॉड-शिफ्ट-एंटर दाबलं की टर्मिनल उघडतं, दुसऱ्यांदा दाबलं की पडदा दोघांत वाटला जातो. मॉड-जे आणि मॉड-के ने एका विंडोवरून दुसरीवर जायचं, मॉड-स्पेसने मांडणी बदलायची, मॉड आणि आकडा दाबून वर्कस्पेस, म्हणजे विंडोंचा एकेक वेगळा गट, बदलायची. मॉड म्हणजे मुळात ऑल्ट. मी ती बदलून सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) केली, कारण ऑल्ट माझ्या एडिटरला लागते. एवढ्यावर आठवडाभर काम नीट चालतं.

दोन मॉनिटर असतील तर एक गोष्ट मुद्दाम सांगते. इथे वर्कस्पेस मॉनिटरला बांधलेली नसते. नऊ वर्कस्पेसचा एकच संच, आणि तुम्ही ज्या मॉनिटरवर काम करताय त्यावर हवी ती आणायची. मागितलेली वर्कस्पेस आधीच दुसऱ्या मॉनिटरवर दिसत असेल तर दोन्हींची अदलाबदल होते. पहिले दोन दिवस गोंधळायला होतं. नंतर दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत जीव गुदमरतो.

पण हे सगळं इतर टायलिंग मॅनेजरांतही कमीअधिक मिळतं. एक्समोनॅड वेगळा ठरतो तो त्यात स्वतःचं काही घालायला बसल्यावर.

इतरत्र सेटिंगची फाइल असते. आय-थ्रीमध्ये ओळीओळीने आज्ञा लिहायच्या, आणि त्यापलीकडचं काही हवं असेल तर बाहेरून स्क्रिप्ट चालवून मॅनेजरशी बोलायचं. ऑसममध्ये लुआ भाषा आहे. पुष्कळ करता येतं, पण चूक असलेली ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हाच चूक कळते. डीडब्ल्यूएममध्ये थेट सी भाषेतला स्रोतच बदलायचा, आणि भर घालायची पद्धत म्हणजे पॅच, स्रोतात बदल करणारा तयार तुकडा. दोन पॅच एकाच ओळीला हात लावत असतील तर ते हाताने सांधत बसायचं. एक्समोनॅडमध्ये सेटिंगची फाइल अशी नाहीच. ‘एक्समोनॅड’ हे लायब्ररीतलं एक फंक्शन आहे. त्याला तुमच्या पसंती द्यायच्या, म्हणजे कुठली मांडणी, कुठल्या की, नवी विंडो आल्यावर काय करायचं, आणि ते सगळं कंपाइल होऊन जो प्रोग्रॅम तयार होतो तोच तुमचा विंडो मॅनेजर. माझी फाइल आज दोनशे ओळींच्या थोडी पुढे आहे, आणि त्या दोनशे ओळी म्हणजे माझा स्वतःचा विंडो मॅनेजर आहे असं मी म्हणते तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही.

बदल केला की मॉड-क्यू. काही सेकंदांत नवा प्रोग्रॅम कंपाइल होतो आणि जुन्याची जागा घेतो. उघड्या विंडो जागच्या जागी राहतात, कुठली विंडो कुठल्या वर्कस्पेसवर होती तेही टिकतं. कंपाइल झालं नाही तर चुकीचा मजकूर छोट्या विंडोत समोर येतो आणि जुना मॅनेजर निमूट चालू राहतो. अनुवाद अर्धवट उघडा ठेवून मी मॅनेजरची मोडतोड करू शकते, ती या सोयीच्या जोरावर.

आता माझ्या तीन विंडोंकडे येते.

एक्समोनॅड आपल्या विंडो कशा लक्षात ठेवतो हे समजलं आणि बाकीचं आपोआप उलगडलं. ओवलेल्या माळेतला एक मणी चिमटीत धरलाय अशी कल्पना करा. चिमटीतला मणी म्हणजे आत्ता जिच्यावर काम चालू आहे ती विंडो, त्याच्या अलीकडचे मणी एका यादीत, पलीकडचे दुसऱ्या यादीत. या रचनेला झिपर म्हणतात; जेरार ह्युए यांनी १९९७ मध्ये ती शोधनिबंधात मांडली. पुढच्या विंडोवर जायचं म्हणजे एक मणी या यादीतून काढून चिमटीत घ्यायचा आणि चिमटीतला त्या यादीत सोडायचा. ‘कुठलीच विंडो निवडलेली नाही’ किंवा ‘दोन निवडलेल्या आहेत’ अशी अवस्था या रचनेत लिहिताच येत नाही. ती चूक तपासावी लागत नाही, कारण ती करायला जागाच ठेवलेली नाही.

आणि मांडणी, म्हणजे लेआउट, हे साध्या रूपात एक शुद्ध फंक्शन असतं. त्याला एक चौकट द्या आणि विंडोंची माळ द्या. ते प्रत्येक विंडोसाठी एक चौकट परत देतं. बस. पडद्यावर काही रंगवणं, एक्स सर्व्हरशी बोलणं, यातलं काही त्याच्या हाती नसतं. ते काम दुसरीकडे, वेगळ्या टाइपच्या (टाइप म्हणजे कोडमधली गोष्ट कुठल्या जातीची ते सांगणारी खूण) कोडमध्ये चालतं, आणि माझं फंक्शन तिकडे चुकून ढवळाढवळ करायला गेलंच तर कंपायलर पुढे जाऊ देत नाही.

म्हणून माझी मांडणी लिहिणं सोपं गेलं. एकच विंडो असेल तर तिला अख्खा पडदा. दोन असतील तर निम्मा-निम्मा. तीन किंवा जास्त असतील तर पहिल्या दोन वर शेजारी शेजारी, बाकीच्या खाली २६० पिक्सेल उंचीच्या पट्टीत. बारा-पंधरा ओळी. ती चालते का हे बघायला मला विंडो उघडाव्याही लागल्या नाहीत. हॅस्केलच्या संवादी खिडकीत मी फंक्शन बोलावलं, चौकट दिली १९२० बाय १०८० ची, आणि विंडोंच्या जागी १, २, ३ हे आकडे दिले. मांडणीला विंडो म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नसतं, त्यामुळे आकडेही चालतात. उत्तर आलं: १ आणि २ ला प्रत्येकी ९६० बाय ८२०, ३ ला खाली १९२० बाय २६०. पडद्यावर काहीही न हलता माझी मांडणी मी कागदावर मांडावी तशी वाचली. त्या संध्याकाळी मी पुन्हा पुन्हा वेगवेगळे आकडे देत बसले होते.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा रेंगाळते. एक्समोनॅडच्या लेखकांनी पहिल्यापासून आपला गाभा क्विकचेक या साधनाने तपासला. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये ते मांडलं. त्यात एकेक उदाहरण तपासायचं नसतं. नियम लिहायचा, आणि साधन स्वतः वाटेल तशी उदाहरणं तयार करून तो मोडायचा प्रयत्न करतं. ज्या वर्कस्पेसवर आहोत तिथेच जायला सांगितलं तर काही बदलू नये. एक पाऊल पुढे आणि एक मागे गेलं तर होतो तिथेच यावं. कुठलीही विंडो दोनदा दिसू नये. असे कितीतरी नियम त्यांच्या चाचण्यांत आहेत. पुढे वाउटर स्विर्स्ट्रा यांनी हाच गाभा कॉक या सिद्धतेच्या साधनात पुन्हा लिहून पाहिला आणि २०१२ मध्ये त्यावर निबंध लिहिला. रोजच्या वापरातल्या विंडो मॅनेजरवर इतकी मेहनत घेतली जाते हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

तेव्हा मीही माझ्या मांडणीसाठी चार नियम लिहिले. दिलेली प्रत्येक विंडो उत्तरात एकदाच यावी. कुठलीही चौकट पडद्याबाहेर जाऊ नये. दोन चौकटी एकमेकींवर चढू नयेत. एकही पिक्सेल रिकामा राहू नये. क्विकचेक नेहमी शंभर उदाहरणं करून बघतं. माझी मांडणी पहिल्या काहींतच पडली. सापडलेलं उदाहरण ते आटवत आटवत सगळ्यात लहान करून दाखवतं. ते असं होतं: तीन विंडो, पडद्याची उंची शून्य, आणि माझ्या वरच्या दोन विंडोंची उंची ४,२९,४९,६७,०३६ पिक्सेल.

कारण कळायला मला तासभर लागला. चौकटीची लांबी-रुंदी साठवायला एक्सची लायब्ररी ३२ बिटांचा, ऋण न होणारा आकडा वापरते. शून्यातून २६० वजा केले की तो उणे होत नाही, वळसा घालून चार अब्जांच्या पलीकडे जातो. टाइप बरोबर, कंपायलर समाधानी, आणि उत्तर साफ चूक. हॅस्केल म्हणजे कंपाइल झालं की बरोबरच, असं कोणी सांगत असेल तर हे उदाहरण लक्षात ठेवा. शून्य उंचीचा पडदा कोणाकडे नसतो, खरं आहे. पण एक्समोनॅडमध्ये एका मांडणीच्या आत दुसरी बसवता येते, आणि तेव्हा माझ्या मांडणीच्या वाट्याला पडद्याचा लहानसा तुकडाच येऊ शकतो. आता पट्टीची उंची मी २६० आणि एकूण उंचीचा एक तृतीयांश यांतला लहान आकडा घेते, आणि तोही वजाबाकीच्या आधी ठरवते. रुंदी विषम असली की मधोमध एक पिक्सेल उरतो हेही त्याच दिवशी सापडलं. आता उजवीची रुंदी म्हणजे एकूण वजा डावी. त्यानंतर आजवर या मांडणीने मला कधी फसवलेलं नाही.

मग पट्टी लहान-मोठी करता यावी असं वाटलं. एक्समोनॅड मांडणीला निरोप पाठवतो: ‘आक्रस’, ‘पसर’. मॉड-एच आणि मॉड-एल याच निरोपांना जोडलेल्या असतात. माझ्या मांडणीने निरोप ओळखायचा आणि नव्या उंचीची नवी मांडणी परत द्यायची; जुनीत बदल करायचा नाही. चार ओळींत झालं. एक गोष्ट मात्र सांभाळा: मॉड-क्यूच्या वेळी मांडणीची अवस्था मजकूर म्हणून लिहून ठेवली जाते आणि पुन्हा वाचली जाते. तुम्ही मांडणीत नवा रकाना वाढवलात तर जुना मजकूर वाचता येत नाही आणि त्या एका वेळी मांडणी मूळ पदावर येते.

तयार भर हवी असेल तर एक्समोनॅड-काँट्रिब आहे, शेकडो मॉड्यूलांचा संग्रह. त्यातली तीन मी रोज वापरते. एक, नाव दिलेलं स्क्रॅचपॅड: एक की दाबली की पारिभाषिक संज्ञांची माझी यादी समोर तरंगत येते, पुन्हा दाबली की जाते. दुसरं, नवी विंडो माळेत कुठे ओवायची ते ठरवणारं. हे माझ्यासाठी फार गरजेचं ठरलं, कारण मुळात नवी विंडो चालू विंडोच्या अलीकडे येते, म्हणजे माझा अनुवाद ढकलला जाऊन खालच्या पट्टीत पडायचा. आता नवी विंडो माळेच्या शेवटी जाते, अनुवाद जागेवर राहतो.

तिसरं आहे आरसा. मध्यंतरी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेतला मजकूर माझ्याकडे आला. मूळ उजवीकडे आणि अनुवाद डावीकडे असला की डोळ्यांना सोपं जाईल असं वाटलं. काँट्रिबमध्ये कुठलीही मांडणी आडवी उलटवणारं मॉड्यूल आहे. ते मी माझ्या मांडणीच्या आधी एका शब्दाने जोडलं, मॉड-क्यू केलं, आणि पडदा उलटला. ज्याने ते मॉड्यूल लिहिलं त्याने माझी मांडणी कधी पाहिलेली नाही. माझ्या मांडणीला आरशाची खबर नाही. दोन्ही फंक्शनं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती. मी तोवर फंक्शनांची जोडणी, काँपोझिशन, हा शब्द बऱ्याचदा वाचला होता. तो कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी दिसलं.

आता जे खुपतं ते.

हॅस्केल येत नसेल तर सुरुवात चढणीची आहे. दुसऱ्यांच्या फायलींतले तुकडे उचलून काम भागतं, पण एक डॉलरचं चिन्ह राहिलं की कंपायलर अर्धा पडदा भरून बोलतो. मांडण्या जोडत गेलं की त्यांच्या एकत्रित टाइपचं नाव इतकं लांबतं की चुकीचा मजकूर वाचवत नाही. माझा अनुभव असा की मांडणीच्या ओळीवर टाइप लिहायच्या फंदात पडू नये, तो कंपायलरला शोधू द्यावा, आणि एका वेळी एकच बदल करून मॉड-क्यू दाबावं. मला टाइपांशी नीट ओळख व्हायला दोन महिन्यांच्या संध्याकाळी लागल्या. काँट्रिबमधली काही मॉड्यूलं छान समजावून लिहिलेली आहेत, काहींत दोन ओळी आणि एक उदाहरण, तेवढ्यावर भागवायचं.

कंपायलर आणि लायब्ऱ्या डिस्कवर भरपूर जागा घेतात. गाभा एवढासा आणि त्याच्यामागे हा पसारा, हे जुन्या लॅपटॉपवर जाणवतं.

सगळ्यात वाईट सकाळ प्रणालीच्या अपडेटनंतरची. काम देण्याची वेळ दुपारची, आणि लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचाच पडदा. अपडेटमध्ये हॅस्केलच्या लायब्ऱ्या बदलल्या होत्या, आणि माझा कंपाइल केलेला प्रोग्रॅम जुन्या शोधत होता. नुसत्या मजकुराच्या कन्सोलवर जाऊन पुन्हा कंपाइल करायची आज्ञा दिली आणि दहा मिनिटांत सुटले, पण ती दहा मिनिटं लांब होती. त्यानंतर मी एक्समोनॅड प्रणालीच्या पॅकेजांवर सोडला नाही. कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये स्वतःची बिल्ड स्क्रिप्ट ठेवता येते, ती वापरून लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या मी माझ्या हाती ठेवल्या. तुम्ही घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करा.

जावामधली काही सॉफ्टवेअरं राखाडी कोरी विंडो दाखवतात, कारण एक्समोनॅड विंडोला भोवती स्वतःची चौकट घालत नाही आणि जावाला ती अपेक्षित असते. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सूचनेने, काम भागतं. दोन मॉनिटरांची पिक्सेल-घनता वेगळी असेल तर एकावर अक्षरं बारीक आणि दुसऱ्यावर ढोबळी दिसतात. तो एक्स११ चाच दोष आहे, पण भोगावा आपल्यालाच लागतो.

आणि वेलँड, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेली नवी व्यवस्था. मोठे डेस्कटॉप तिकडे सरकले आहेत, एक्समोनॅड मात्र एक्स११ वरच चालतो. वेलँडमध्ये विंडो मॅनेजर आणि डिस्प्ले सर्व्हर एकच असतात, त्यामुळे गाभा उचलून तिकडे ठेवला असं होत नाही. खालचं सगळं नव्याने लिहावं लागतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे मनात धरूनच पाऊल टाकावं. हॅस्केल शिकायची इच्छा आहे आणि रोजच्या वापरातलं कारण हवं आहे, अशा माणसाला मी आजही एक्समोनॅडच सुचवेन. ज्याला फक्त विंडो शेजारी शेजारी हव्या आहेत त्याने आय-थ्री किंवा त्याचा वेलँडवरचा भाऊ स्वे घ्यावा, दुपारपर्यंत काम सुरू होईल.

माझ्यापुरतं मी एक करून ठेवलं आहे. मांडणीचं फंक्शन वेगळ्या फाइलीत काढलं. त्यात एक्सचा उल्लेख असा एकच होता, चौकटीचा टाइप. तो मी स्वतःचा लिहिला. रिव्हर नावाच्या वेलँड कंपोझिटरमध्ये (वेलँडवरच्या अशा एकत्र प्रोग्रॅमला कंपोझिटर म्हणतात) मांडणीचं काम बाहेरच्या प्रोग्रॅमकडे सोपवता येतं, त्याला हे जोडून पाहायला घेतलं आहे. अजून दोघांचं बोलणं नीट जुळलेलं नाही, शब्दकोशाची पट्टी कधी येते कधी येत नाही. पण जोडणीच्या आधी फंक्शन एकट्याने तपासलं, या वेळी ऋण होऊ शकणारे आकडे घेऊन, तेव्हा चारही नियम पहिल्याच फेरीत खरे उतरले.